थंड हवेचा पाईप आणि मामाजी

पाणी खालून वर चढवणं हा माझा धंदा. पांढुर्ण्यात माझं मोटारपंपाचं दुकान आहे. संत्र्याच्या आणि कपाशीच्या शेतकऱ्यांना मोटारी, पाईप, फूटव्हॉल्व्ह विकतो, जळालेल्या मोटारींची वायंडिंग करून देतो. पाईपचं एक टोक पाण्यात बुडवलं आणि दुसऱ्या टोकाकडून ओढ लागली की पाणी वर येणारच, हे मी दिवसभर गिऱ्हाइकांना समजावून सांगत असतो. असा माणूस स्वतःच्या गाडीला एक पाईप लावतो, त्याचं तोंड रस्त्याच्या जवळ आणून ठेवतो, दुसऱ्या टोकाला इंजिनाची ओढ देतो, आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत त्याच्या डोक्यात काहीही येत नाही. तो माणूस मी.

हे खूळ शिरलं चाळिशी उलटल्यावर. डॉक्टरांनी शुगर वाढल्याचं सांगितलं आणि सकाळी फिरायला जा म्हणाले. मी सकाळी लवकर उठायला लागलो खरा, पण फिरायला न जाता अंथरुणातच बसून मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ पाहू लागलो. त्यात एक टोपीवाला माणूस सांगायचा की तुमच्या गाडीचं इंजिन बॉनेटखालची तापलेली हवा ओढतं, तापलेली हवा विरळ असते, म्हणून त्याला पोटभर श्वास मिळत नाही. कंपनीचा फिल्टरचा डबा काढून टाका, जाड पाईप बसवा, त्याच्या टोकाला शंकूसारखा उघडा फिल्टर लावा आणि तो पुढच्या बंपरच्या मागे खाली सोडा. तिथली हवा थंड, दाट. गाडी वाघ होईल.

माझी गाडी जुनी, घरच्यांना नेआण करणारी, स्वभावानं गरीब. तिला वाघ व्हायचं होतं का, हे मी विचारलं नाही. वाघ मला व्हायचं होतं आणि माणसाच्या अंगाला बसवता येईल असा पाईप बाजारात मिळत नव्हता.

नागपूरहून पाईप बसवून आणला. येताना हायवेवर पाय दाबला तर पुढून 'घों' असा दणदणीत आवाज आला आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला. वेग पूर्वीइतकाच होता. आमच्यामागून येणारी भाजीची पिकअप आम्हाला ओलांडून पुढे निघून गेली, पण आवाजात ती आमच्या पासंगालाही पुरत नव्हती.

माझी बायको सौंसरच्या शाळेत गणित शिकवते, रोज बसनं ये-जा करते. रविवारी तिला मोठ्या हौसेनं गाडीत बसवलं. सावरगावचा पूल आला तेव्हा ती म्हणाली, "अवो, गाडीले दमा झाला काय?"

"दमा नाही. ताकद वाढली तिची."

"किती वाढली?"

"जाणवते ना."

"जाणवते हे उत्तर माह्या वर्गात चालत नाही," ती म्हणाली आणि खिडकीची काच वर केली.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही, फक्त ती वेगळीच पसरली. मी सगळ्यांना 'थंड हवेचा पाईप' म्हणून सांगत होतो, त्यामुळे जो तो गाडीत बसला की आधी एसीच्या जाळीला हात लावून पाहायचा. शेजारचे कापडवाले तर उन्हाळ्यात मुद्दाम शर्टाची बटणं सोडून बसले. चौकापर्यंत गेल्यावर म्हणाले, "कुठी हाये थंडी हवा? हे तं पहिलेपेक्षा गरमच होऊन राहिलं." मी त्यांना समजावलं की थंड हवा इंजिनला मिळते, माणसाला नाही. ते उतरताना म्हणाले, "म्हंजे खर्च तुमचा अन् हवा इंजिनले."

सगळ्या पांढुर्ण्यात आणि नातेवाइकांत या पाईपचं कौतुक केलं ते एकाच माणसानं, माझ्या सासऱ्यांनी. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. मामाजींची लोधीखेड्याजवळ संत्र्याची बाग आहे. सासूबाई गेल्यापासून ते बागेतल्याच घरी मुलाकडे राहतात आणि मधूनमधून आमच्याकडे येतात. माणूस करारी, कमी बोलणारा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या कुठल्याही गोष्टीला ते चांगलं म्हणाले असं मला आठवत नव्हतं. ते गाडीत बसले, मी पाय दाबला, आणि मामाजींचा चेहरा फुलला.

"जवाईबापू, हे गाडी!" ते म्हणाले. "अजून दाबा."

मी अजून दाबलं. त्या दिवसापासून मामाजी आमच्याकडे जरा जास्तच येऊ लागले, आणि आले की संध्याकाळी गाडीतून चक्कर ठरलेली. मागच्या सीटवर बायको आणि आमची मुलगी कानावर हात ठेवून बसायच्या. पुढे आम्ही दोघं वाघ.

मग जून आला आणि त्या टोपीवाल्यानं नवा व्हिडिओ टाकला. त्यात तो पहिल्यासारखा हसत नव्हता. म्हणाला, ज्यांनी बंपरमागे फिल्टर सोडला आहे त्यांनी सांभाळा. साचलेल्या पाण्यात गाडी घातली आणि फिल्टर बुडला, तर इंजिन हवेच्या जागी पाणी ओढेल. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येईल, पाणी जागा देणार नाही, आणि आतला दांडा वाकेल. इंजिन गेलं.

मी अंथरुणात ताठ बसलो. पाणी दबत नाही! ही गोष्ट मला, मोटारपंपवाल्याला, एका टोपीवाल्यानं सांगावी? फुटलेले पाईप, पाईपच्या तोंडावरून उडालेल्या टोप्या, फाटलेले व्हॉल्व्ह घेऊन लोक माझ्याकडेच तर येतात. मी उठून बाहेर गेलो, चड्डी-बनियनवर रस्त्यात आडवा झालो आणि बंपरखाली पाहिलं. फिल्टर माझ्या गुडघ्याच्याही खाली, रस्त्याकडे तोंड करून लटकत होता, विहिरीत सोडलेल्या फूटव्हॉल्व्हसारखा. समोरच्या घरातल्या काकू दूध घ्यायला बाहेर आल्या होत्या. त्यांनी आत जाऊन बायकोला फोन केला की तुझे मिस्टर रस्त्यात पडले आहेत.

उपाय सोपा होता आणि टोपीवाल्यानं तोही सांगितला होता. पावसाळ्यापुरता कंपनीचा जुना डबा परत बसवा, कारण तो उंचावरून श्वास घेतो. डबा आमच्या माळ्यावर होता. पण डबा परत बसवायचा म्हणजे आवाज जाणार, आणि आवाज गेला की चौकात विचारणार, बायको विचारणार, आणि मुख्य म्हणजे मामाजी विचारणार. माझं कौतुक करणारा एकुलता एक माणूस मी पावसाच्या भीतीनं घालवायला तयार नव्हतो.

म्हणून मी दुसरे उपाय सुरू केले. पहिला उपाय बायकोची आंघोळीची प्लास्टिकची टोपी. फिल्टरला ती इतकी छान बसली की मला स्वतःच्या हुशारीचं हसू आलं. चौकापर्यंत गाडी ठीक गेली. मग इंजिनानं श्वास ओढला तशी टोपी फिल्टरला घट्ट चिकटली, आणि गाडी गुदमरून भर बाजाराच्या दिवशी चौकाच्या मधोमध बंद पडली. मी बंपरखाली हात घालून ती गुलाबी फुलांची टोपी ओढून काढली तेव्हा आजूबाजूला बरीच माणसं जमली होती. कोणीही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मग खास फिल्टरसाठी मिळणारा कापडी मोजा मागवला. त्यातून हवा जाते आणि उडालेले शिंतोडे अडतात. पण तो बुडाला तर त्याचाही उपयोग नाही, असं त्याच्या पाकिटावरच लिहिलं होतं. म्हणून मी दुकानातला पीव्हीसी पाईपचा एक तुकडा घेतला, फिल्टरच्या उंचीवर त्याला लाल रंगाची खूण केली आणि तो गाडीत ठेवला. रस्त्यात पाणी साचलेलं दिसलं की मी गाडी थांबवायचो, पँट वर करायचो, पाईप घेऊन पाण्यात उतरायचो आणि मोजायचो. खुणेच्या बरंच खाली असेल तर हळूहळू जायचो. जवळ असेल तर मागे फिरायचो. आता वाटतं, एवढी अक्कल होती तर डबा बसवायला काय झालं होतं?

एकदा सौंसरच्या रस्त्यावर एका सखल जागी पाणी आलं होतं. मी मधोमध उभा राहून मोजत होतो आणि मागे गाड्यांची रांग लागली होती. समोरून बस आली. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून विचारलं, "काका, विहीर खोदून राहिले का?" सगळी बस हसली. मी वर पाहिलं तर खिडकीत माझी बायको बसलेली. शाळेतून परत येत होती. तिनं शांतपणे तोंड दुसऱ्या बाजूला फिरवलं.

संध्याकाळी भाजी चिरताना तिनं एवढंच विचारलं, "किती निघालं पाणी?"

असा आषाढ गेला आणि मी फिल्टरला एक थेंब लागू दिला नाही. श्रावणात तर पावसानं दडीच मारली. नाले आटले, रस्ते कोरडे, शेतकरी आभाळाकडे पाहू लागले. मला मात्र मनातल्या मनात बरं वाटत होतं, पाऊस लांबला की पंप खपतात, त्यामुळे पाऊस नको म्हणणारा पंपाचा व्यापारी त्या भागात मी एकटा नसेन, पण कारण माझं वेगळं होतं.

त्याच दिवसांत मामाजींच्या विहिरीवरची मोटार जळाली. बागेला पाणी देणं भाग होतं, म्हणून ते मोटार घेऊन स्वतःच आले. मी वायंडिंग करून दिली. दुकानासमोर सिमेंटचं टाकं आहे, त्यात पाणी भरून आम्ही मोटारी चालवून पाहतो. मोटार तपासायची, डिकीत टाकायची आणि मामाजींना लोधीखेड्याला पोचवायचं, असं ठरलं होतं. म्हणून मी गाडी टाक्यासमोर आणून लावली, तोंड टाक्याकडे करून.

मामाजी गाडीत ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसले. काचेतून म्हणाले, "तुम्ही मोटार पाहा, मी जरा हिले चालू करतो." दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. त्यांनीही आवाज ऐकावा असं मला वाटलं. मी म्हटलं, "करा, करा."

गाडी घों घों करायला लागली. मी गिऱ्हाइकांकडे अभिमानानं पाहत मोटारीच्या तोंडावर पाईप चढवला, त्याच्यावर क्लिप घातली, आणि त्या पाहण्याच्या नादात क्लिप आवळायची विसरलो. बटण दाबलं.

वायंडिंग उत्तम झाली होती, हे मी आजही सांगेन. मोटारीनं असा जोर घेतला की पाईप तोंडावरून निसटला, आणि मनगटाएवढी धार सरळ गाडीच्या बंपरवर, जाळीतून आत, जिथे मी फिल्टर लटकवला होता नेमकी तिथे जाऊन बसली. मी पाईपवर झेप घेतली तर धार माझ्या तोंडावर आली. मी ओरडलो, "मामाजी, गाडी बंद करा! बंद करा गाडी!"

मामाजी माझ्याकडे पाहून हसले आणि त्यांनी पाय अजून दाबला.

"बंद करा!" मी दोन्ही हात हलवले. त्यांनीही एक हात हलवला.

इंजिनानं एक मोठा घोट घेतला, उचकी दिली आणि 'खट' करून थांबलं. मी मोटारीचं बटण बंद केलं. सगळीकडे एकदम शांत झालं. त्या शांततेत मामाजींनी डोकं बाहेर काढलं.

"बंद काऊन पडली? मारू का सेल्फ?"

त्यांचा हात किल्लीवर होता. आयुष्यात मी इतका जोरात कधी धावलो नसेन. पाण्यावरून घसरत गेलो, खिडकीतून अर्धा आत शिरलो आणि किल्ली उपसून काढली. टोपीवाल्याची एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली होती. पाणी गेल्याची शंका आली की पुन्हा सेल्फ मारायचा नाही. बंद पडलेलं इंजिन कदाचित वाचतं, पुन्हा चालू करायला गेलेलं मरतं. मी ओला चिंब, पाय खिडकीबाहेर, डोकं मामाजींच्या मांडीवर, आणि हातात किल्ली. गिऱ्हाइकांपैकी एकानं विचारलं, "सेठ, एवढ्या जोराची मोटार नेहमीच्याच किमतीत देता ना?"

मेकॅनिकला फोन केला. तो दुसऱ्या गाडीत गुंतला होता, येतो म्हणाला. गिऱ्हाइकं गेली. मी आणि मामाजी दुकानात बाकावर बसलो.

मी त्यांच्याकडे वळून मोठ्यानं विचारलं, "मामाजी, मी एवढा ओरडून राहिलो होतो. ऐकू नाही आलं?"

ते आपल्या हाताच्या तळव्याकडे पाहत राहिले. "मोटारीचा आवाज होता ना."

"मोटारीचा आवाज एवढा नसते."

ते हळू आवाजात म्हणाले, "कमीच येते ऐकू. बरेच दिवस झाले. घरी कोणाले नोका सांगू."

मी म्हटलं, "पण माह्या गाडीचा आवाज तं येते तुम्हाले."

"थोडासा येते. पायाले जाणवते." ते थांबले. "घरी सगळे बोलून राहतात, हसून राहतात. मी नुसता मान हालवतो. पोराच्या गाडीत बसलो तरी तेच. तुमच्या गाडीत कोणालेच काही ऐकू येत नाही, जवाईबापू. तिथी सगळेच मान हालवतात."

माझ्या अंगावरून अजून पाणी टपकत होतं. मला वाटत होतं, मामाजींना माझी गाडी कळली. एवढे महिने मी त्यांना शेजारी बसवून पाय दाबत होतो, आणि मनात म्हणत होतो की या घरात इंजिनाचा एक तरी जाणकार आहे. एकदाही मी मान वळवून त्यांच्याशी नीट दोन शब्द बोललो नव्हतो. बोललो असतो तर तेव्हाच कळलं असतं.

मेकॅनिक आला. त्यानं इंजिनचे प्लग काढले, मला किल्ली फिरवायला सांगितलं, आणि प्लगच्या भोकांतून पाण्याची कारंजी उडाली. ती त्याच्या अंगावर गेली. तो दोन शब्द बोलला, ते इथे लिहीत नाही. पाणी पुरतं निघाल्यावर फिल्टर काढला, पाईप पुसला, ऑईल बदललं, प्लग वाळवून बसवले. मी डोळे मिटून किल्ली फिरवली. जरा खोकून, जरा धूर टाकून गाडी चालू झाली. दांडा वाकला नव्हता. गाडी उभी होती, इंजिन पटकन बंद पडलं आणि पुन्हा सेल्फ मारला नाही, म्हणून वाचलं.

लोधीखेड्याला जाणं त्या दिवशी राहिलं. संध्याकाळी बायको आली तेव्हा सगळं गाव कोरडं होतं आणि आमच्या अंगणात माझे कपडे, गाडीची सीटकव्हरं आणि पायपुसणी वाळत होती. तिनं आभाळाकडे पाहिलं.

"पाऊस कुठी पडला?"

मामाजी म्हणाले, "थोडासा आला होता." मी म्हटलं, "गाडी धुतली." दोन्ही एकाच वेळी. ती आमच्याकडे पाहत राहिली, आणि मग मीच सगळं सांगितलं. क्लिप, धार, बंपर, सगळं. कानाचं तेवढं सोडलं, कारण मामाजींनी मना केलं होतं.

तिनं शांतपणे ऐकलं. "तुम्ही ओरडले, तरी बाबांनी पाय काढला नाही?"

"नाही."

"हात हालवले तरी?"

मी मामाजींकडे पाहिलं. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. ती जाऊन वडिलांच्या शेजारी बसली, त्यांच्याकडे तोंड करून, आणि हळूहळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "बाबा, आपण डॉक्टरकडे जाऊ." मामाजींनी मान हलवली. मग तिनं विचारलं, "ऐकू आलं, का नुसती मान हालवून राहिले?" तेव्हा ते हसले. आणि ती रडली.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून कंपनीचा डबा काढला आणि बसवून घेतला. कोणी हसेल याची भीती आता उरली नव्हती. जे हसायचं ते कालच हसून झालं होतं. मी, बायको आणि मुलगी मामाजींना घेऊन नागपूरला कानाच्या डॉक्टरकडे निघालो त्या दिवशी नेमका पाऊस कोसळला. वाटेत एका ठिकाणी रस्त्यावर पाणी होतं. एक ट्रक जाऊ दिला, त्याचं पाणी कुठवर चढतं ते पाहिलं, आणि पहिल्या गिअरमध्ये, एकसारखा वेग ठेवून गाडी पलीकडे नेली. मामाजी मात्र सारखे विचारत होते, "गाडी बंद पडली का?"

"नाही, चालू हाये," आम्ही तिघंही त्यांच्याकडे वळून सांगायचो. मी वळलो की बायको मला समोर पाहायला लावायची. त्या प्रवासात मामाजींशी जेवढं बोलणं झालं तेवढं सगळ्या उन्हाळ्यात झालं नव्हतं. डबा बसवलेल्या गाडीत माणसाला बोलता येतं, हा फायदा टोपीवाल्यानं कुठेच सांगितला नव्हता.

कानात मशीन बसायला काही आठवडे लागले. पहिल्या दिवशी मामाजी फार चिडले. ताटवाट्या वाजतात, दार वाजतं, नातवंडं ओरडतात, एवढा गोंगाट लोक सहन कसा करतात, म्हणाले. मग सवय झाली. आता ते फोनवर बोलतात, आधी कधी बोलत नसत, आणि दिवाळीनंतर त्यांचा पहिला लांब फोन मलाच आला. मला वाटलं, खुशाली विचारायला असेल.

"जवाईबापू," ते म्हणाले, "तुम्ही दुरुस्त करून देल्ली ते मोटार. तिच्या बेरिंगमधून किरकिर येऊन राहिली."

मी म्हटलं, "मामाजी, त्या मोटारीले थोडासा आवाज येतेच."

"थोडासा नाही. मी घरात बसून ऐकून राहिलो. रविवारी येऊन पाहून जा."

मी रविवारी गेलो. बेरिंग खरंच गेलं होतं. मी ते बदललं, मामाजी विहिरीच्या काठावर कान देऊन उभे राहिले, आणि मोटार चालू केल्यावर बराच वेळ ऐकून म्हणाले, "आता ठीक हाये. चहा घेऊन जा."